भूल नंतर, नाडी आधी

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : जनावरांना भूल देण्यापूर्वी ताप, नाडी, श्वसन व वजन यांची लेखी नोंद ठेवण्याबाबत

महोदय,

शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा त्यानंतर थोड्याच वेळात एखादे जनावर दगावले, की 'भूल जास्त झाली' या तीन शब्दांत आपल्याकडे त्या प्रकरणाचा निकाल लागतो. मालक डॉक्टरांना बोल लावतो, डॉक्टर जनावराच्या प्रकृतीला बोल लावतात, आणि सुई टोचण्याआधी त्या जनावराला ताप किती होता, नाडी किती होती, श्वास कसा चालला होता, असे कोणी विचारले तर दाखवायला दोघांकडेही कागद नसतो. सोलापूर जिल्ह्यातील सरकारी दवाखान्यांत पशुवैद्यक म्हणून काम करून मी निवृत्त झालो आहे. आता शहरात पाळीव प्राण्यांचे खासगी दवाखाने वाढत आहेत आणि त्यांतील यंत्रसामग्री आमच्या काळाच्या कितीतरी पुढे गेली आहे, ही समाधानाचीच गोष्ट आहे. परंतु ज्या तपासणीला थर्मामीटर, स्टेथोस्कोप आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढेच लागते, ती अजूनही डॉक्टरांच्या सवडीवर आणि मालकाच्या घाईवर सोडलेली दिसते. ती प्रत्येक जनावराच्या केसपेपरवर, भूल देण्याच्या आधी आणि वेळेसह लिहिली जावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे.

भुलीच्या औषधाने जनावर झोपते, हे सर्वांना दिसते. त्याच औषधाने हृदयाची गती आणि रक्तदाब बदलतो, श्वास उथळ होतो, गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि शरीराचे तापमान राखण्याची क्षमता जवळजवळ थांबते, हे मात्र दिसत नाही. ते मोजावे लागते. शस्त्रक्रिया चालू असताना बहुतेक डॉक्टर नाडीवर लक्ष ठेवतातच, पण त्या वेळी हाती आलेल्या आकड्याचा अर्थ त्याच जनावराच्या आधीच्या आकड्याशिवाय लागत नाही. पाठ्यपुस्तकात निरोगी कुत्र्याची नाडी मिनिटाला ६० ते १४० अशी दिलेली असते, आणि ही पट्टी इतकी रुंद आहे की तिच्यात जवळजवळ काहीही बसते. आपल्या भागात शिकारीसाठी व राखणीसाठी पाळला जाणारा कारवानी जातीचा सडपातळ, धावण्याच्या सरावाचा कुत्रा शांत उभा असताना त्याची नाडी ७० च्या आसपास असू शकते. घरातल्या सोफ्यावर वाढलेल्या लहानशा पॉमेरेनियनची सहज १२० भरते. दोघांनाही झायलाझिन हे गुंगीचे औषध दिल्यावर नाडी ६० वर आली, तर कारवानीच्या बाबतीत फारसे काही घडलेले नाही आणि पॉमेरेनियनच्या बाबतीत ती निम्म्यावर आली आहे. आधीची नोंद नसेल, तर टेबलापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना दोन्हीकडे ६० एवढेच दिसते. (कारवानी, मुधोळ अशा सडपातळ कुत्र्यांत अंगावर चरबी कमी असल्याने थायोपेंटोनसारख्या औषधाची गुंगी लांबते, म्हणून त्यांची जात केसपेपरवर लिहिणे हेही सोपस्कारापुरते नाही.)

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्रे आणि ७९ हजार मांजरे यांच्या भुलीचा मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास झाला होता. भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांत दर दहा हजारांमागे १७ आणि मांजरांत २४ इतके आढळले. या सरासरीपेक्षा तिच्या पोटातला फरक मला अधिक बोलका वाटतो. निरोगी कुत्र्यांत हे प्रमाण दहा हजारांमागे केवळ ५ होते, तर आधीपासून आजारी असलेल्या कुत्र्यांत १३३ होते. म्हणजे धोका औषध कोणते वापरले याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ते कोणत्या अवस्थेतील जनावराला दिले यावर अवलंबून असतो, आणि ती अवस्था ओळखण्याची वेळ सुई टोचण्याआधीचीच असते. जनावराची प्रकृती पाहून त्याला एक ते पाच यांपैकी एका श्रेणीत बसवण्याची पद्धत माणसांच्या भूलशास्त्रातून पशुवैद्यकातही आलेली आहे. पण नाडी-ताप न पाहता लिहिलेली श्रेणी म्हणजे निव्वळ अंदाज होय.

तपासणीच्या क्रमाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घोटाळा पुष्कळदा येथेच होतो. श्वास सर्वांत आधी आणि लांबून मोजावा, कारण हात लावताच तो बदलतो. कुत्रा मालकाजवळ शांत बसलेला असताना बरगड्यांची हालचाल पाहिली, तर मिनिटाला १० ते ३० श्वास मोजता येतात. जीभ बाहेर काढून धापा टाकणाऱ्या कुत्र्याचा श्वास मोजण्यात अर्थ नसतो, त्याला पंख्याखाली बसू द्यावे. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ते 'घाबरले असेल' असे म्हणून सोडून देता येत नाही; मांजरात ते बहुधा गंभीर लक्षण असते. मांजराच्या बाबतीत आणखी एक गमतीची अडचण येते. ते घुरघुरू लागले की स्टेथोस्कोपमधून दुसरे काही ऐकूच येत नाही, आणि अशा वेळी शेजारचा पाण्याचा नळ थोडा सोडला की बहुतेक मांजरे गप्प होतात. कुत्र्याची नाडी मागच्या मांडीच्या आतील बाजूस लागते, गाई-म्हशींची शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूस किंवा जबड्याच्या कडेला. एका हाताने ती धरून त्याच वेळी दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोपमधून हृदयाचे ठोके ऐकावेत. ठोका ऐकू येतो पण नाडी हाताला लागत नाही, असे वारंवार होत असेल, तर हृदयाची लय बिघडलेली आहे आणि नेहमीची शस्त्रक्रिया त्या दिवशी करू नये. निरोगी कुत्र्यात श्वास आत घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना संथ होते, ते मात्र स्वाभाविक आहे.

हिरड्यांकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. हिरडीवर बोट दाबून सोडले, की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. त्याहून उशीर झाला तर रक्ताभिसरण मंद आहे असे समजावे. ज्या कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात त्यांच्या, आणि म्हशींच्याही, खालच्या पापणीचा आतला भाग पाहावा. आपल्या कोरड्या व उष्ण जिल्ह्यात याचे महत्त्व विशेष आहे, कारण येथे गोचिडांचा सुळसुळाट फार असतो आणि गोचिडांमुळे होणाऱ्या बॅबेसिया व एर्लिकिया या आजारांत कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी किंवा रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात. असा कुत्रा शेपूट हलवत दवाखान्यात येतो, बिस्कीटही खातो, आणि जुनाट आजारात त्याला तापही नसतो. पण हिरड्या फिकट असतात, पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके असतात. मादीच्या नसबंदीची शस्त्रक्रिया सुरू केल्यावर रक्त थांबेना, म्हणून धावपळ करण्यापेक्षा आधी ओठ उचलून पाहणे आणि शंका आल्यास रक्त तपासायला पाठवणे हे किती सोपे आहे! नाक ओले म्हणजे कुत्रा बरा, नाक कोरडे म्हणजे आजारी, ही समजूत मात्र आता सोडून द्यायला हवी. सोलापूरच्या मे महिन्यात धडधाकट कुत्र्याचेही नाक कोरडे पडते.

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर तापाविषयी येथील परिस्थितीला धरून सांगतो. मोहोळ किंवा मंगळवेढ्याकडून दुपारी टेम्पोतून आणलेल्या पंढरपुरी म्हशीचा ताप दवाखान्याच्या दारात १०४ फॅरनहाइट भरला, तर तो आजाराचा की उन्हाचा, हे त्या क्षणी कोणालाही सांगता येणार नाही. म्हशीचे कातडे काळे, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे ती उन्हात गाईपेक्षा लवकर तापते. तिला सावलीत उभे करून, अंगावर पाणी मारून तास-दीड तासाने पुन्हा ताप घ्यावा. उन्हाचा असेल तर तो उतरू लागतो, जंतुसंसर्गाचा असेल तर पाण्याने फारसा हलत नाही. या दोन नोंदींमधील फरक म्हणजेच निदान, आणि त्यासाठी पहिली नोंद वेळेसह लिहिलेली असावी लागते. तापलेल्या जनावराला त्याच अवस्थेत गुंगीचे औषध दिले, तर धाप टाकून शरीर थंड करण्याची त्याची उरलीसुरली सोय आपणच काढून घेतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रिया सकाळी लवकर ठेवाव्यात, असे माझे मत आहे, आणि मालकांनीही दुपारच्या वेळेचा आग्रह धरू नये. याच्या उलट, लहान कुत्री, मांजरे आणि पिल्ले भुलीखाली गेल्यावर थंड पडतात; स्टीलचे टेबल, स्पिरिटने पुसलेले ओले पोट आणि उघडे राहिलेले अवयव यांमुळे बाहेर ४२ अंश सेल्सिअस असतानाही त्यांचा ताप झपाट्याने उतरतो. उन्हाळ्यात पिल्लावर पांघरूण घालणाऱ्या डॉक्टरांना लोक हसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

वजनाची नोंद ही महत्त्वाच्या लक्षणांत मोडत नाही असे काही जण म्हणतील. मला ते मान्य नाही, कारण भुलीच्या प्रत्येक औषधाची मात्रा किलोवर ठरते. जागा बधिर करणाऱ्या दोन टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते, आणि शेळ्या-मेंढ्या या औषधाला नाजूक असतात. पाच किलोच्या उस्मानाबादी करडाची शिंगे जाळताना 'थोडेसेच' म्हणून भरलेले तीन-चार मिलिलिटर त्याच्या दृष्टीने विषारी ठरू शकतात. झायलाझिनच्या बाबतीत गाय-बैल घोड्याच्या मात्रेच्या साधारण दहाव्या भागातच आडवे होतात, आणि बाटली मात्र दोघांना एकच वापरली जाते. मोठ्या जनावरांसाठी वजनकाटा सगळीकडे नसतो, हे मी जाणतो, पण शिंप्याची टेप असते. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ३०० ने भागावे. उत्तर पौंडात येते. घेर ६६ इंच आणि लांबी ५५ इंच असलेल्या खिलार गाईचे वजन या हिशेबाने सुमारे ८०० पौंड, म्हणजे ३६० किलोच्या आसपास भरते. साखर कारखान्याच्या काट्यावर क्विंटलामागे किलोचा फरक पडला तरी आमचा शेतकरी भांडतो. त्याच्या स्वतःच्या बैलाचे वजन नजरेने ठरवले जात असताना मात्र तो गप्प उभा असतो.

रवंथ करणाऱ्या जनावरांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मोठ्या गाईच्या कोठीपोटात, म्हणजे चारा साठवणाऱ्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, शंभर लिटर वा त्याहून अधिक ऐवज मावतो. ती आडवी झाली आणि ढेकर थांबली, की पोट फुगून फुप्फुसांवर दाब येतो, आणि पोटातील पाणी वर येऊन श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होऊन ती दोन-चार दिवसांनी दगावते. तेव्हा भुलीचा आणि मृत्यूचा संबंध कोणी जोडतही नाही. डाव्या भकाळीवर (बरगड्यांच्या मागे असलेल्या खोलगट जागेवर) मूठ दाबून ठेवली, की निरोगी जनावरात दोन मिनिटांत दोन ते तीन वेळा कोठीपोटाची हालचाल हाताला जाणवते. ती नसेल, तर नियोजित शस्त्रक्रिया थांबवावी. मोठ्या जनावराची वैरण साधारण १८ ते २४ तास आणि पाणी ८ ते १२ तास बंद ठेवावे लागते, प्रौढ कुत्र्या-मांजरांचे खाणे सहा ते आठ तास. अगदी लहान पिल्लांना मात्र इतके उपाशी ठेवू नये, त्यांच्या रक्तातील साखर उतरते. येथे मालकांना हात जोडून सांगणे आहे की, खाऊ घातले असेल तर खरे सांगा. 'बिचारा रात्रीपासून उपाशी आहे' म्हणून दवाखान्याच्या बाहेर अर्धी चपाती भरवणारी आणि आत आल्यावर 'काही दिलेले नाही' असे सांगणारी माणसे वाईट नसतात, पण त्यांच्या त्या मायेने शस्त्रक्रिया धोक्यात येते. गाय-म्हैस गाभण आहे का, हेही न विचारता सांगावे, कारण झायलाझिनने गर्भाशयाचे आकुंचन वाढते आणि गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते देणे टाळावे लागते.

यावर आमच्याच व्यवसायातील मित्र म्हणतील की, रात्री दोन वाजता अडलेली गाय समोर असताना नाडी मोजत बसायला वेळ कोणाकडे आहे. मला वाटते, तातडीच्या प्रसंगीच तपासणीचे मोल अधिक असते. अडलेल्या गाईचे कान गार पडलेले आहेत, ताप नेहमीच्या १०१-१०२ वरून खाली उतरला आहे आणि ती मान कुशीत वळवून बसली आहे, असे दिसले तर तिला आधी कॅल्शियमची गरज असू शकते. ते न ओळखता केलेली शस्त्रक्रिया वासरू वाचवेल, पण गाय उठेलच असे नाही. गर्भाशयात पू झालेल्या कुत्रीची शस्त्रक्रिया टाळता येत नाही, परंतु सलाइन देऊन तिची नाडी व हिरड्यांचा रंग सुधारल्यावर ती करणे आणि दारातून थेट टेबलावर घेणे, यांत जीव वाचण्या-न वाचण्याचा फरक पडतो. नाडी आणि श्वास मोजायला मिळून दोन मिनिटे लागतात, तेवढ्यात थर्मामीटरही आपले काम करून झालेला असतो, आणि सहायक तोवर साहित्य मांडतच असतो.

मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा प्रश्न वेगळा आहे, हे कबूल केले पाहिजे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे पकडलेल्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया व लसीकरण करून त्याला त्याच्या मूळ जागी सोडायचे असते. त्याला मालक नाही, पूर्वेतिहास सांगणारा कोणी नाही, आणि तो शुद्धीवर असताना हात लावू देत नाही. तरीही पिंजऱ्यातील कुत्र्याचा श्वास लांबून मोजता येतो, तो लंगडतो की खंगलेला आहे, सड मोठे झाले आहेत की नाही, हे दिसते, आणि गुंगीचे पहिले इंजेक्शन लागू पडल्यावर पूर्ण भूल देण्याआधी त्याचे वजन, ताप, नाडी व हिरड्या पाहता येतात. हा आकडा गुंगीनंतरचा आहे, एवढे कागदावर लिहिले की झाले. दिवसात किती शस्त्रक्रिया उरकल्या, याच्या आकड्यावरच अशा कामाचे मोजमाप झाले, तर ही दोन मिनिटे सर्वांत आधी कापली जातात. म्हणून अशा कामाची देयके मंजूर करताना प्रत्येक कुत्र्याच्या नोंदीचा कागद मागावा, अशी महापालिकेला विनंती आहे.

संमतिपत्राविषयीही माझे एक म्हणणे आहे. बहुतेक ठिकाणी मालक आत येताच छापील कागदावर त्याची सही घेतली जाते आणि तपासणी नंतर होते, किंवा होतही नाही. हा क्रम उलटा हवा. ताप, नाडी, श्वसन, हिरड्यांचा रंग व वजन या पाच नोंदी लिहून झाल्यावर, त्या मालकाला दाखवून आणि धोका कितपत आहे हे मराठीत सांगून, मग सही घ्यावी. मालकाला त्यातले सगळे कळेलच असे नाही. पण कागद आहे की नाही, हे निश्चित कळेल. यातून डॉक्टरांचेच संरक्षण अधिक होते, कारण उद्या तक्रार झाली तर त्यांच्या हाती पुरावा असतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे पशुवैद्यकीय व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांनाच आहे; गावोगाव थैली घेऊन फिरणाऱ्यांकडून बैलाचे किंवा बोकडाचे खच्चीकरण भूल देऊन करून घेणाऱ्या पशुपालकांना अशा नोंदीची अपेक्षाच ठेवता येणार नाही, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे.

शेवटी शस्त्रक्रियेनंतरच्या वेळेविषयी. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश अभ्यासात कुत्र्यांचे जवळजवळ निम्मे आणि मांजरांचे साठ टक्क्यांच्या आसपास मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर झाले होते, आणि त्यांतील बरेचसे पहिल्या तीन तासांतील होते. टाके घातले की सर्वांचाच जीव भांड्यात पडतो, मालकाला रिक्षा उभी ठेवलेली आठवते, आणि अर्धवट गुंगीतले जनावर मांडीवर घेऊन तो जुळे सोलापूरकडे किंवा अक्कलकोटच्या वाटेला लागतो. जनावराला सोडण्याआधी ताप, नाडी व श्वास पुन्हा मोजून पहिल्या नोंदीच्या शेजारच्या रकान्यात लिहावेत आणि ते पहिल्या आकड्यांच्या जवळ आल्याशिवाय घरी पाठवू नये.

असा दोन रकान्यांचा मराठी नमुना पशुसंवर्धन विभागाने तयार करून जिल्ह्यातील सर्व दवाखान्यांना द्यावा, आणि खासगी व्यावसायिकांनी तो आपणहून स्वीकारावा, अशी माझी सूचना आहे. नमुना अर्ध्या पानाहून मोठा नसावा, नाही तर तो कोणी भरणार नाही. तो तयार करण्याच्या कामी आमच्यासारखे निवृत्त पशुवैद्यक विनामोबदला वेळ देण्यास तयार आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक,
सोलापूर